पाठ केलेली उत्तरं

शाळेचा फोन आला की मी उठून जिन्यात जायचे. आमचं ऑफिस फुजैराच्या बंदरापाशी, जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीचं. सगळे एकाच हॉलमध्ये बसतो, त्यामुळे एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानावर पडतं. जिन्यात एसी नव्हता. सप्टेंबरच्या दुपारी तिथं घामानं निथळत मी 'येस मॅम, सॉरी मॅम' करायचे आणि तोंड पुसून पुन्हा जागेवर येऊन ईमेल लिहायला लागायचे. फोनवर नेहमी तेच असायचं. माझ्या लेकीनं कुणाला तरी ढकललं, कुणाला तरी चावली, नाहीतर टेबलाखाली जाऊन बसली आणि बाहेर यायला तयार नाही. "शी इज व्हेरी अग्रेसिव्ह, मामा," टीचर म्हणायच्या. इथल्या शाळांत सगळ्या आयांना मामा म्हणतात. सुरुवातीला मला हसू यायचं, मग येईनासं झालं.

लेक सहा वर्षांची होती. बापाच्या वळणावर गेलेली, काळी, उंच, दणकट, दिसायला आठ-नऊची. तिचे वडील मोंबासाचे, इथं टगबोटीवर इंजिनीयर. मी रत्नागिरीकडची. आमच्या मोहल्ल्यातून आखातात जाणं नवीन नाही, पण हबशी जावई पहिलाच. हा शब्द माझा नाही, माझ्या मावशीचा. निकाहाच्या दिवशी तिनं तो माझ्यादेखत वापरला आणि वर बिर्याणी दोनदा मागून घेतली.

चावण्यामागचं कारण मला माहीत होतं. केस. लेकीचे केस दाट, कुरळे, डोक्याभोवती छान फुललेले. वर्गात गोष्ट ऐकायला मुलं गालिच्यावर बसली की मागची पोरं तिच्या केसांत हात घालायची. तिला घरी स्वतःचा कंगवासुद्धा सहन होत नसे. नवरा बोटीवरून घरी आला की एक अख्खी दुपार तिच्या वेण्या घालण्यात घालवायचा. एक बट, मग थोडं थांबायचं, मग दुसरी बट. मी किंवा दुसऱ्या कुणी हात लावला तर किंकाळी. हे मी टीचरना चार वेळा तरी सांगितलं. त्या गोड हसून म्हणाल्या, "दे आर जस्ट क्युरिअस, मामा. दे लव्ह हर हेअर." म्हणजे केसांत हात घालणारी पोरं प्रेमळ आणि माझी पोर हिंसक.

आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा तिच्या वर्गात होता. आईवडील युरोपातले, पोरगा दुधासारखा गोरा. तोही फारसा बोलत नसे. तोही कान झाकून ओरडायचा, गाड्या एका रांगेत लावत बसायचा, आणि हो, तोही चावायचा. पहिल्याच टर्ममध्ये ह्याच टीचरनी त्याच्या आईला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, लवकर कळलेलं बरं असतं. त्या आईनंच मला हे लिफ्टमध्ये सांगितलं, डोळे पुसत. "शी वॉज सो काइंड अबाउट इट," म्हणाली. माझा त्या पोरावर राग नव्हता, त्याच्या आईवरही नव्हता. पण घरी आल्यावर मी दुधाचा कॅन ओट्यावर इतक्या जोरात आपटला की झाकण उडालं आणि दूध फ्रीजखाली गेलं. मला त्याच टीचरनी सांगितलं होतं, "यू नीड टू सेट लिमिट्स ॲट होम."

मी विचारलंच नव्हतं असं नाही. माझ्या मुलीलाही ऑटिझम असेल का, असं टीचरना दोन वर्षांपूर्वीच विचारलं होतं, तोंडी आणि ईमेलनंही. "नो नो, शी इज जस्ट अ स्ट्राँग पर्सनॅलिटी." मुलांच्या डॉक्टरना विचारलं, तर म्हणाले, घरात तीन भाषा, बाप समुद्रावर, थोडं थांबा. थांबलो. थांबता थांबता ती पहिलीत गेली आणि शाळेनं आम्हाला बोलावून सांगितलं की असं चालणार नाही. टर्म संपेपर्यंत डॉक्टरचा रिपोर्ट आणा. निदान झालं असेल तर तिच्यासोबत वर्गात मदतनीस बाई देता येईल. रिपोर्ट नसेल तर मग, फुजैरात इतरही शाळा आहेत.

फुजैरा केवढंसं. इतर शाळांत मी फोन केले. आधीची शाळा का सोडताय, एवढं विचारून त्या गप्प होत. दुबईला राहायला जावं तर नवऱ्याची बोट इथं, माझी नोकरी इथं, आणि दोघांचे व्हिसा नोकरीला बांधलेले. लेकीला रत्नागिरीला माझ्या आईकडे ठेवावं, तर गेल्या सुट्टीत गल्लीतली पोरं तिच्यामागून ओरडत फिरली होती. तिच्याच मामे-मावस भावंडांनी तिच्या हाताला ओलं बोट घासून पाहिलं होतं, रंग निघतो का म्हणून. मोंबासाला सासूबाईंनी तळहातावर ठेवलं असतं, पण मग तिथं कोण जाणार आणि इथं कोण राहणार? मागं डोंगर, पुढं समुद्र, आणि मधे आम्ही तिघं एसी लावून बसलेलो. त्या महिन्यांत मला रोज वाटायचं, कुणीतरी बाहेरून कडी घातली आहे.

अशात अम्मी आली, व्हिजिट व्हिसावर, सोबत सुकट, कोकमं आणि तांदळाचं पीठ. माझी अम्मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी गावात तिला अजून बाईच म्हणतात. चौथीच्या स्कॉलरशिपला बसणारी गावातली निम्मी पोरं तिच्या ओसरीवर घोटून घोटून तयार झालेली. जावई आला तेव्हा मोहल्ल्यानं नाकं मुरडली, हिनं मात्र त्याला पहिल्याच जेवणात वाढता वाढता विचारलं होतं, "हाउ मच मार्क्स इन ट्वेल्थ?" त्याचे मार्क चांगले निघाले आणि तिच्या लेखी प्रश्न मिटला.

मी तिला सांगितलं की शारजाला एका क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट मिळाली आहे, डॉक्टर मुलीला तपासतील, काही विचारतील. मी ऑफिसला गेले की दुपारी आजी आणि नात दोघीच घरी. नातीला अभ्यासाला बसवते, एवढंच ती मला म्हणाली होती. मला वाटलं, एबीसीडी चालली असेल.

अपॉइंटमेंटच्या दिवशी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला. हा माणूस सहा फुटांवर उंच. पण शाळेत, बँकेत, दवाखान्यात शिरला की खांदे आत घेतो, आवाज खाली घेतो, आणि चेहऱ्यावर एक हसू लावून बसतो. मी एकदा विचारलं होतं, तू कधी चिडत का नाहीस? म्हणाला, "यू कॅन गेट अँग्री इन अ क्लिनिक. आय कान्ट." मला तेव्हा कळलं की हे हसू त्याच्या गणवेशाचा भाग आहे.

डॉक्टर घाईत होते. त्यांनी लेकीला समोर बसवलं आणि इंग्रजीत नाव विचारलं. लेकीनं हात जोडून मांडीवर ठेवले, त्यांच्याकडे सरळ पाहिलं, आणि पूर्ण नाव सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. सोबत कोण आलंय? "माय मदर, माय फादर अँड माय नानी." मैत्रीण रडत असेल तर तू काय करशील? "आय विल गिव्ह हर टिश्यू अँड से डोन्ट क्राय." माझी मुलगी असं कधी बोलत नसे. तिला पाणी हवं असेल तर ती माझा हात धरून फ्रीजपाशी नेत असे. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात अम्मी डोळे मिटून पुटपुटत होती आणि प्रत्येक उत्तराला मान हलवत होती.

डॉक्टर म्हणाले, नजर छान देते, प्रश्न समजतात, संवाद आहे. ऑटिझम नाही. मग वर्गात चावते ती का, असं मी विचारलं. ते माझ्याकडे न पाहता नवऱ्याकडे पाहून म्हणाले, "हाउ इज द डिसिप्लिन ॲट होम? डू यू हिट हर?" नवरा हसत राहिला. "नो, डॉक्टर," म्हणाला. टेबलाखाली त्याच्या हाताच्या शिरा तट्ट फुगलेल्या मला दिसत होत्या. जाता जाता डॉक्टरनी समजुतीनं सांगितलं की काही कल्चरमध्ये मुलं जरा दांडगी असतात, पेरेंटिंगचा एखादा कोर्स करा.

गाडीत बसल्यावर अम्मीचा चेहरा फुललेला. "झाली ना पास?"

"कसली पास?"

"अगं इंटरव्ह्यू. सगळी उत्तरं बरोबर दिली की गो पोरीनं."

मग सगळं बाहेर आलं. वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. त्यांच्या मुलाला ह्याच क्लिनिकमध्ये नेलं होतं. अम्मीनं त्या आईशी लिफ्टमध्ये ओळख काढली, चहाला बोलावलं, आणि डॉक्टर काय काय विचारतात ते सगळं काढून घेतलं. तिच्या भाषेत पेपर फुटला होता. मग रोज दुपारी घोटणं. नजर द्यायला शिकवण्यासाठी नातीच्या वहीतला लाल गोल स्टिकर तिनं स्वतःच्या कपाळाला लावला, आणि बोलताना इथं बघायचं, असं शिकवलं. पाच वेळची नमाजी बाई, महिनाभर दुपारची टिकली लावून बसत होती.

मी गाडी चालवत नव्हते हे बरं. डोंगरातल्या बोगद्यातून बाहेर येईपर्यंत मी तिच्यावर ओरडत होते. "तिला पास व्हायचं नव्हतं, अम्मी. हे नापास होण्यासाठी होतं. आता शाळा म्हणणार, हिला काही नाही, ही नुसती वाईट आहे." अम्मीला आधी काही कळेचना. परीक्षेला जायचं आणि तयारी करायची नाही, ही गोष्टच तिच्या डोक्यात शिरत नव्हती. मग कळलं, तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली. मागच्या सीटवर लेक टक्क जागी, तीच चार उत्तरं एकापाठोपाठ एक म्हणत होती. प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

टर्म संपत आली. मधे पुन्हा एकदा फोन येऊन गेला. मी ऑफिसात हातापाया पडून रजा मिळवली आणि दुबईत दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली. नवरा बोटीवर होता, आम्ही तिघीच गेलो. निघण्याआधी अम्मीला बजावलं की आत एक अक्षर बोलायचं नाही. ती म्हणाली, "नाही गो बाई, बोलत."

ह्या डॉक्टरीणबाई पोक्त होत्या, बोलणं अरबी वळणाचं, हिंदीही मोडकंतोडकं येणारं. त्या खाली जमिनीवर बसल्या, साबणाचे फुगे काढले, खेळणी मांडली. घाई नव्हती. पण लेकीनं खेळण्यांकडे पाहिलं नाही. खोली तशीच, टेबल तसंच, समोर डॉक्टर. तिनं हात मांडीवर ठेवले आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर नजर लावून वाट बघू लागली. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. बाई हसून "माशाल्ला" म्हणाल्या. मला माझीच लाज वाटते पण खरं सांगते, मी मनातल्या मनात म्हणत होते, किंचाळ. फेक ते खेळणं. मला चाव हवं तर. आपलं पोर सगळ्यांसमोर कोसळावं म्हणून आई अल्लाकडे दुवा मागते, ही वेळ कुणावर येऊ नये.

तेवढ्यात अम्मी उठली. गप्प बसायचं ठरलं होतं, पण वर्गावर उठावं तशी उठली आणि पदर सारखा करून हिंदीत म्हणाली, "डॉक्टरसाब, मैं टीचर हूँ. ये सब मैंने रटाया है. इसको समझता नहीं. मैं दिखाती हूँ."

डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसायला जागा दिली. अम्मी खाली बसली, गुडघे कुरकुरले. नातीकडे पाहून तिनं आपल्या खडबडीत इंग्रजीत विचारलं, "हू केम विथ यू?"

लेकीनं स्वतःचं नाव सांगितलं.

"व्हाट इज युवर नेम?"

"आय ॲम सिक्स इयर्स ओल्ड."

"हाउ ओल्ड आर यू?"

"माय मदर, माय फादर अँड माय नानी." पण आता आवाज चढला होता. काहीतरी चुकतंय हे तिला जाणवलं होतं, काय ते कळत नव्हतं. ती अम्मीच्या तोंडावर हात ठेवू लागली, म्हणजे प्रश्न परत पहिल्यापासून यावेत. अम्मीनं तो हात बाजूला केला आणि पुन्हा उलटसुलट विचारलं. लेक किंचाळली. कान झाकले, डोकं जमिनीवर आपटायला लागली. मी धावले. अम्मी तरीही विचारत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि विचारत होती, शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिचा खांदा धरला. "खलास, आंटी. खलास. आय हॅव सीन."

लेकीला शांत व्हायला बराच वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी दिवा मंद केला, सगळे तिच्यापासून लांब बसलो, आणि कुणी तिच्या केसांना हात लावला नाही. मग त्यांनी मला एकेक विचारलं. झोप, खाणं, कंगवा, आवाज, गालिच्यावरचं बसणं. मी दोन वर्षं हेच सांगत होते आणि पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं. अजून दोन फेऱ्या करायला लावल्या, पण त्या दिवशीच त्यांनी सांगितलं की ऑटिझम आहे, शंका नाही, आणि ही मुलगी मारकुटी नाही, घाबरलेली आहे. मी रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले, आणि मग त्याचंच वाईट वाटून आणखी रडले.

परतीच्या वाटेवर अम्मीनं नातीच्या पायातले बूट काढले. मग म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. क्रम बदलला की अडकते. असली पोरं बघितली आहेत मी वर्गात. मला वाटलं, घोटलं की होईल." थोड्या वेळानं म्हणाली, "आमच्या शाळेत त्यांना आम्ही मारायचो." लेक तिच्या मांडीवर पाय टाकून झोपली होती.

रिपोर्ट मिळाला तेव्हा टर्म संपायला दोनच आठवडे उरले होते. शाळेत मुलांच्या जादा मदतीचं बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमनी भेटायला बोलावलं. नवरा अजून बोटीवर. लेक नानीला सोडायला तयार नाही, म्हणून अम्मीही आली. मॅडमच्या खोलीत मुलांनी रंगवलेले हात भिंतीवर चिकटवलेले होते. त्यांनी रिपोर्ट सावकाश वाचला, शेवटपर्यंत वाचला. मग तो बंद करून माझ्या हातावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ होता.

"थँक यू फॉर ब्रिंगिंग धिस, मामा. मदतनीस देता येईल, नेक्स्ट वीक सुरू करू. आय ओन्ली विश यू हॅड कम टू अस अर्लिअर. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर किती फरक पडला असता. आय नो, सम कम्युनिटीज फाइंड इट हार्ड टू ॲक्सेप्ट."

माझ्या फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीचा माझा ईमेल होता. जिभेवर सगळं तयार होतं: तो ईमेल, केस, लिफ्टमधली ती गोऱ्या मुलाची आई, 'स्ट्राँग पर्सनॅलिटी', सगळं, अगदी ओळीनं. मी तोंड उघडलं. खाली लेक अम्मीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मदतनीस अजून मिळायची होती, वर्ग ह्यांचा होता, फुजैरात तिला घेणारी दुसरी शाळा नव्हती. मी खांदे आत घेतले आणि हसले.

"येस, मॅम. सॉरी. थँक यू सो मच."

दाराबाहेर आल्यावर अम्मीनं विचारलं, "काय म्हणाली गो?"

"म्हणाली, सोमवारपासून पाठवा."